गोळी बंद करा म्हणाले, पुढचं कोणी सांगितलंच नाही

पत्र असं आहे:

"ताई, मी ३४ वर्षांची, मुलगा ३ वर्षांचा. तो अंगावर प्यायचा बंद झाला तेव्हा गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या, दीड वर्ष मस्त चाललं होतं. अर्धशिशी मला कॉलेजपासून आहे, पण हल्ली डोकं धरायच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं डोळ्यापुढे चमचमणारी नागमोडी रेघ येते, ती हळूहळू पसरते आणि तेवढ्या भागातलं काही दिसत नाही. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं तर त्यांनी पर्समधलं गोळ्यांचं पाकीट बघितलं आणि म्हणाले या आजपासून बंद. पुढे काय करायचं ते तुमच्या गायनॅकला विचारा म्हणाले. नवरा म्हणतो एवढ्या बायका घेतात, कुणाला काय होतं, आणि नसेलच घ्यायची तर सांभाळून करू. जाऊ म्हणते तांबी अजिबात बसवू नको, वर चढते. मला पाळीत आधीपासून खूप जातं, गोळीवर ते कमी झालं होतं, हिमोग्लोबिन १० आहे. दुसरं मूल पुढची ३-४ वर्षं तरी नको, नंतरचं अजून ठरलं नाही. पाकिटात ९ गोळ्या उरल्यात, तेवढ्या संपवू का?"

अगं नको. त्या ९ गोळ्या संपवू नकोस. एरवी मी स्वतः सांगते की पाकीट अर्ध्यात सोडू नका, पाळीचं वेळापत्रक बिघडतं, पण तुझ्या बाबतीत ते बिघडलं तरी चालेल. गोळी थांबवलीस की दोन-चार दिवसात अंगावरून जायला लागेल, घाबरू नकोस, ते गोळी सुटल्यामुळे येतं, त्याला खरी पाळी म्हणता येत नाही. आणि गोळीचं संरक्षण गोळीबरोबरच संपतं, अंगात साठून वगैरे राहत नाही, दोन-तीन आठवड्यात पुन्हा बीज सुटू शकतं. त्यामुळे आज रात्रीपासून कंडोम, दरवेळी, सुरुवातीपासून. हे आधी सांगितलं कारण माझ्याकडे येणाऱ्या बायकांमध्ये न ठरवता दिवस गेलेल्या बऱ्याच जणी या मधल्या काळातल्याच असायच्या, म्हणजे एक साधन बंद झालंय, दुसऱ्यासाठी "बघू पुढच्या महिन्यात" चाललंय, आणि पुढच्या महिन्यात पाळीच येत नाही.

आता तुझ्या डॉक्टरांनी पाकीट बघून एवढं तडकाफडकी का सांगितलं ते समजून घे, म्हणजे नवऱ्यालाही सांगता येईल. नेहमीच्या गोळीत दोन हार्मोन असतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन. गर्भ राहू न देण्याचं मुख्य काम खरं तर प्रोजेस्टिन करतं, इस्ट्रोजेन पाळी वेळच्या वेळी आणि नीट ठेवायला मदत करतं. पण इस्ट्रोजेनमुळे लिव्हर रक्त गोठवणारे घटक जास्त बनवायला लागतं. बहुतेक तरुण निरोगी बायकांना त्याने काही होत नाही, तुझा नवरा तेवढ्यापुरता बरोबर आहे, आणि गंमत म्हणजे गरोदरपणात रक्ताची गुठळी व्हायची शक्यता गोळीपेक्षाही जास्त असते. पण तुला जी नागमोडी रेघ दिसते ना, तिला ऑरा म्हणतात, आणि ऑरावाली अर्धशिशी असलेल्या बाईला मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून स्ट्रोक यायची शक्यता गोळीशिवायच इतरांपेक्षा जास्त असते, साधारण दुप्पट. त्यावर इस्ट्रोजेन घातलं की ती अजून वाढते. तुझ्या वयात मुळात हा आकडा फार लहान असतो हे खरंय, म्हणून गेलं दीड वर्ष आठवून आठवून रात्री जागू नकोस. पण झालंच तर जे होतं ते परत न भरून येणारं असतं आणि हाताशी दुसरे चांगले पर्याय असताना तो जुगार कशाला. जागतिक आरोग्य संघटनेने कुठल्या आजारात कुठलं साधन चालतं याची १ ते ४ अशी वर्गवारी केली आहे, १ म्हणजे बिनधास्त वापरा आणि ४ म्हणजे वापरूच नका. ऑरावाली अर्धशिशी आणि इस्ट्रोजेनची गोळी ही जोडी ४ मध्ये आहे, वय कितीही असो.

एक मात्र लक्षात ठेव. ऑरा साधारण ५ मिनिटं ते तासभर टिकतो आणि हळूहळू पसरतो. अचानक एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलताना जीभ जड झाली, किंवा रेघ तासाच्या वर हलेचना, तर ती नेहमीची अर्धशिशी समजून खोलीत अंधार करून झोपायचं नाही, सरळ इमर्जन्सीत जायचं.

तुझं पत्र वाचताना मला जाणवलं की डॉक्टर म्हणाले "गोळी बंद" आणि तू ऐकलंस "सगळं बंद". असं नाहीये. बंद झालंय ते इस्ट्रोजेन. म्हणजे ती गोळी, दंडावर लावायची पट्टी आणि योनीत ठेवायची रिंग, या तिन्हीत इस्ट्रोजेन असतं म्हणून तिन्ही गेले. बाकीचं सगळं कपाट उघडं आहे. आणि इथे एक फसगत होते ती आधीच सांगते, दुकानात "कमी पॉवरची द्या" म्हटलं की लो डोस म्हणून जी गोळी मिळते तिच्यात इस्ट्रोजेन असतंच, फक्त कमी असतं. तुला कमी नको, शून्य हवं.

आता खरी गोष्ट. साधन किती भरवशाचं हे बघताना पाकिटावरचे ९९ टक्के वगैरे आकडे विसर, ते सगळं अगदी नियमाप्रमाणे वापरलं तर. खऱ्या घरात, जिथे मूल तापाने फणफणलेलं असतं आणि आपण गोळी विसरतो, तिथले आकडे वेगळे असतात. शंभर जोडप्यांनी वर्षभर काहीच वापरलं नाही तर ८५ जणींना दिवस जातात. तुझा नवरा ज्याला "सांभाळून" म्हणतो, म्हणजे ऐनवेळी बाहेर येणं, त्यात शंभरातल्या २०. कंडोमवर १३. आणि ज्या गोळीसाठी तुला एवढं वाईट वाटतंय तिच्यावर ७. इंजेक्शनवर ४. तांबी, हार्मोनवाली तांबी, दंडातला इम्प्लांट, यांच्यावर शंभरात एकीलाही नाही. फरक कशाने पडतो, तर या शेवटच्या तिघांना तुझी आठवण लागत नाही, एकदा बसवलं की ते त्यांचं काम करत राहतात. त्यामुळे गोळी सुटली म्हणून तू खाली घसरतेयस असं काही नाही, नीट निवडलंस तर आधीपेक्षा जास्त पक्क्या साधनावर जातेयस.

आधी तांबीचं बोलू कारण तुझ्या जाऊबाईंनी तो विषय काढलाच आहे. तांबी म्हणजे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा प्लास्टिकचा तुकडा, साधारण साडेतीन सेंटिमीटरचा, त्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली, आणि खाली दोन दोरे. तांब्यामुळे शुक्रजंतू निकामी होतात, बीजापर्यंत पोचतच नाहीत. हार्मोन शून्य, त्यामुळे तुझ्या अर्धशिशीशी तिचं काही देणंघेणं नाही, आणि कॉपर टी ३८० नावाची जी मिळते ती १० वर्षं चालते. वर चढते म्हणजे नक्की कुठे चढते? पिशवी ही बंद मुठीसारखी असते, तिथून छातीत वगैरे जायला रस्ता नाही. होतं काय की कधीकधी दोरे आत ओढले जातात, हाताला लागत नाहीत, मग सगळे म्हणतात चढली. सोनोग्राफी केली की बहुतेक वेळा तांबी जागेवरच दिसते. पिशवीला भोक पडून बाहेर जाणं हे खरंच होतं पण हजारात एखादीला, आणि मुख्यतः बसवतानाच, अंगावर पिणारं बाळ असेल तर शक्यता जास्त. त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा ती खाली सरकते, पहिल्या वर्षात शंभरातल्या चार-पाच जणींची निसटून पडते, बऱ्याचदा पाळीत, आणि कधीकधी कळतही नाही. म्हणून दर पाळीनंतर हात धुऊन बोट घालून दोरे लागतायत का बघायचे, उकडलेल्या शेवयांसारखे लागतात हाताला. दोरे लागले नाहीत किंवा कडक प्लास्टिकचं टोक लागलं तर डॉक्टरकडे जाईपर्यंत कंडोम.

तरीही मी तुला तांबी पहिली सांगणार नाही, आणि त्याचं कारण तुझ्या पत्रातच आहे, हिमोग्लोबिन १० आणि पाळीत खूप जाणं. तांबीने पाळी जड होते, कळा वाढतात, विशेषतः पहिले ३ ते ६ महिने. माझी स्वतःची गोष्ट सांगते, मी बायकांना तांबी समजावून सांगायचं काम करायचे आणि स्वतःला बसवली तेव्हा मला वाटलं आपल्याला सगळं माहितीये. मलाही आधीपासून जास्तच जायचं. चौथ्या महिन्यात दर दोन तासाला पॅड, जिना चढताना धाप, नखं पांढरी, आणि मी मात्र "होईल कमी, होईल कमी" करत १४ महिने ओढले. दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं तर मी सहाव्या महिन्यातच तपासायला पाठवलं असतं. ज्यांची पाळी हलकी असते त्यांच्यासाठी तांबी अगदी झकास आहे, मी कित्येकींना आनंदाने दहा-दहा वर्षं वापरताना पाहिलंय, पण तू आणि मी त्या गटातल्या नाही. बंदी नाहीये तुला, फक्त माझी पसंती नाही.

तुझ्यासाठी माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं ते हार्मोनवाल्या तांबीचं. दिसायला तशीच टी, पण तांब्याच्या जागी लेव्होनॉर्जेस्ट्रेल नावाच्या प्रोजेस्टिनची नळी, ५२ मिलिग्रॅमची, त्यातून रोज अगदी थोडं थोडं पिशवीतच सुटत राहतं. इस्ट्रोजेन नाही. रक्तात जातं ते फार कमी. पिशवीच्या तोंडाशी चिकट घट्ट स्राव तयार होतो म्हणून शुक्रजंतू आत येत नाहीत, आणि पिशवीचं आतलं अस्तर पातळ राहतं म्हणून पाळी कमी होते. पाळीत फार जाणाऱ्या बायकांना मूल टाळायचं नसलं तरी केवळ त्या त्रासावर उपचार म्हणून हीच बसवतात, म्हणजे तुझी दोन दुखणी एकाच वेळी. कुठली कंपनी आणि कुठला नियम यावर ५ ते ८ वर्षं चालते, आणि मधेच वाटलं की आता बाळ हवं, तर काढली की मोकळं, वाट बघत बसावं लागत नाही.

पण हिचं एक वाईट आहे जे बसवताना नीट सांगितलं जात नाही. पहिले ३ ते ६ महिने डाग पडत राहतात. जास्त नाही, पण रोज उठून तेच, आज आहे उद्या नाही परवा परत, पूजेला जायचं का पोहायला जायचं का काही ठरवता येत नाही. बायका इथेच कंटाळतात आणि काढून टाकतात, आणि नेमकं त्यानंतरच सुख सुरू होणार असतं. वर्षभराने साधारण पाचातल्या एकीची पाळी येणंच थांबतं. त्याने घाबरायचं नाही, रक्त आत कुठे साचत नाही, अस्तरच तयार होत नाही तर पडणार काय. सासूबाईंना किंवा कुणाला हे पटणार नाही, आणि त्यांना ते पटवून देणं ही तुझी जबाबदारी नाही.

अर्धशिशीचं म्हणशील तर प्रोजेस्टिनची साधनं ऑरा असतानाही सुरू करता येतात. मात्र बसवल्यावर ऑरा वाढला, जास्त वेळा यायला लागला किंवा वेगळ्याच तऱ्हेचा झाला, तर गप्प बसायचं नाही, परत जाऊन सांगायचं, मग ठेवायची का काढायची ते बघतात.

बसवण्याचं थोडं खरंखुरं सांगते, कारण "मुंगी चावल्यासारखं" हे मी खूप वर्षं ऐकत आले आणि ते ऐकून गेलेल्या बायका चिडून परत यायच्या. टेबलावर झोपवतात, आत तपासायचं धातूचं उपकरण लावतात, तो थंडपणा आणि दाब. मग पिशवीचं तोंड एका चिमट्याने धरतात, तेव्हा एक सणक. मग बारीक सळई घालून पिशवीची खोली मोजतात, तेव्हा पाळीच्या पहिल्या दिवसासारखी जोरदार कळ, पोटातून कमरेपर्यंत. आणि मग टी आत सोडतात तेव्हा तशीच दुसरी. सगळं मिळून पाचेक मिनिटं. कुणाला खरंच काही वाटत नाही, कुणाला घाम फुटतो, चक्कर येते. तुझं एक बाळंतपण झालंय, ते नॉर्मल झालं असेल तर थोडं सोपं जातं. तरी आधीच विचारून ठेव की जायच्या आधी कुठली पेनकिलर घेऊ आणि तोंडाशी बधीर करायचं इंजेक्शन देता का, हे मागितलं म्हणजे तू नाजूक ठरत नाहीस. "थांबा" म्हटलं की थांबतील हेही आधी ठरवून घ्यायचं. बरोबर कुणीतरी ने, लगेच उठून गाडी चालवत जाऊ नको, आणि दोन दिवस कळा येतील त्याची तयारी ठेव. पाळीच्या पहिल्या ७ दिवसात बसवली तर लगेच काम सुरू, एरवी बसवली तर हार्मोनवालीला आणखी ७ दिवस कंडोम. साधी तांबी मात्र कधीही बसवा, त्याच क्षणापासून काम करते. दिवस गेलेले नाहीत एवढी खात्री दोन्हीला लागते.

आणि बसवायच्या आधी एक काम करून घे ते म्हणजे तुला एवढं का जातं ते बघणं. गोळीने ते झाकलं गेलं होतं, बरं झालं नव्हतं. सोनोग्राफीत फायब्रॉइडची गाठ किंवा पॉलिप आहे का बघतात, कारण गाठीने पिशवीचा आतला आकार वाकडातिकडा केला असेल तर कुठलीच टी नीट बसत नाही. आणि हिमोग्लोबिन १० वर लोहाच्या गोळ्या सुरू झाल्याच पाहिजेत, ते कुठलंही साधन घेतलंस तरी.

पिशवीत काही ठेवायचंच नाही असं तुझं मन म्हणत असेल (म्हणू शकतं, त्यात चूक काही नाही) तर मग दंडातला इम्प्लांट. आगपेटीतल्या काडीएवढी लवचिक कांडी, ४ सेंटिमीटरची, दंडाच्या आतल्या बाजूला बधीर करून कातडीखाली सरकवतात. बोट फिरवलं की लागते, दिसत नाही. एका कांडीवाला ३ वर्षं चालतो. सगळ्या साधनांत सगळ्यात भरवशाचा हाच, वर्षात हजारात एखादीला दिवस जातात. पण पाळीचा काही नेम राहत नाही, कुणाची बंद होते, कुणाला पंधरा-पंधरा दिवस जात राहतं, आणि कुणाचं काय होईल ते आधी सांगता येत नाही. हिमोग्लोबिन १० वर मी हे दुसऱ्या नंबरवर ठेवीन.

तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन तुझ्यासाठी मला फारसं आवडत नाही. वाईट आहे म्हणून नाही, पाळी कमी होते, चार लोकांना कळत नाही, कित्येकींना त्याचाच आधार असतो. पण एकदा टोचलं की तीन महिने काढता येत नाही, ऑरा वाढला तर करणार काय. शिवाय सोडल्यावर बीज परत सुटायला वेळ लागतो, शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस जायला सरासरी नऊ-दहा महिने, आणि तू ३-४ वर्षांनी दुसऱ्याचा विचार करणार तेव्हा ३८ ची असशील, तिथे एक वर्ष असं वाट बघण्यात घालवणं जड जाईल. वजनही काहीजणींचं वाढतं.

गोळीच हवी असेल तर फक्त प्रोजेस्टिनची गोळी आहे, मिनीपिल म्हणतात. मागताना "इस्ट्रोजेन अजिबात नसलेली" असंच म्हण आणि पाकीट उलटं करून वाच, एथिनिल इस्ट्राडायोल असं लिहिलेलं दिसलं तर परत दे. ही घड्याळाची गोळी आहे, जुन्या प्रकारच्या ३ तास जरी उशिरा घेतल्या तरी भरवसा जातो, डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅमवालीला १२ तासांची सवलत आहे. तुला अर्धशिशीत उलट्या होत असतील (लिहिलं नाहीस, पण बऱ्याच जणींना होतात) तर गोळी घेतल्यावर दोन-तीन तासात उलटी झाली म्हणजे ती घेतलीच नाही असं धरायचं. म्हणजे ज्या दिवशी डोकं धरलं त्या दिवशी साधनही गेलं. आठवड्याला घ्यायची ओर्मेलॉक्सिफेनची गोळी पण असते, तिच्यात ही दोन्ही हार्मोन नसतात, पण ती इस्ट्रोजेनच्या जागी जाऊन बसणारं औषध आहे, ऑरा असताना स्वतःच्या मनाने सुरू करू नको, डॉक्टरला विचारूनच.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण दोन डॉक्टरांच्या मधे हे हमखास पडून जातं. मेंदूच्या डॉक्टरांनी तुला अर्धशिशी वारंवार येऊ नये म्हणून रोजची गोळी सुरू केलीय का? केली असेल तर नाव बघ. टोपिरामेट किंवा व्हॅलप्रोएट असेल तर गरोदरपणात ती बाळाला व्यंग करू शकतात, म्हणजे चुकून दिवस गेले तर प्रकरण साधं राहत नाही, साधन पक्कंच हवं. आणि टोपिरामेटचा डोस जास्त असेल तर मिनीपिल आणि इम्प्लांटचा जोर कमी होतो. साध्या तांबीवर, हार्मोनवाल्या तांबीवर अशा औषधांचा परिणाम होत नाही. फिट्सवरच्या कार्बामाझेपिन, फेनिटॉइन आणि टीबीच्या रिफाम्पिसिनचंही असंच आहे, त्या गोळ्या चालू असणाऱ्या बाकीच्या वाचणाऱ्यांनी पण हे वाचून ठेवा.

बाकीच्यांचा विषय निघालाच आहे तर दोन ओळी. बीपी १६० वर १०० च्या पुढे, आधी कधी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली, ३५ च्या पुढे आणि सिगारेट चालू, नुकतीच बाळंतीण, लिव्हरचा मोठा आजार, या सगळ्यांनाही इस्ट्रोजेनची गोळी नको असते आणि त्यांनाही कपाट असंच उघडं असतं, फक्त कोणी काय निवडायचं ते आजाराप्रमाणे बदलतं. स्तनाचा कॅन्सर झालेल्या बाईला मात्र कुठलंच हार्मोन नको, तिच्यासाठी साधी तांबी.

तुझ्या नवऱ्यासाठी. सांभाळून करण्यात २० आणि काही न करण्यात ८५, म्हणजे अगदीच निरुपयोगी नाही, पण "सांभाळून" करणाऱ्या पाचातल्या एकीला वर्षभरात दिवस जातातच. नवीन साधन बसेपर्यंत कंडोम, आणि तो नीट, म्हणजे शेवटी शेवटी घालायचा नाही, तारीख बघायची, आणि तेल किंवा व्हॅसलिन लावायचं नाही, रबर त्याने मिनिटात कमजोर होतं. फाटला तर इमर्जन्सीची गोळी तुला चालते, लेव्होनॉर्जेस्ट्रेल दीड मिलिग्रॅमची, तिच्यात इस्ट्रोजेन नाही, जितकी लवकर तितकी चांगली आणि ७२ तासांच्या आत. किंवा ५ दिवसांच्या आत साधी तांबी बसवली तर ती सगळ्यात खात्रीची इमर्जन्सी आहे, हे फार कमी जणींना माहीत असतं. पुरुषाच्या नसबंदीचं मी इथे बोलत नाही कारण तुमचं दुसऱ्याचं ठरलेलं नाही. ठरलं की त्याला हे पत्र परत दाखव, बाईच्या ऑपरेशनपेक्षा ती सोपी असते, फक्त केल्यावर ३ महिने थांबून तपासणी झाल्याशिवाय ती भरवशाची धरायची नाही.

आता या आठवड्यात गायनॅकची वेळ घे. आत गेल्यावर "गोळी चालत नाही म्हणाले" एवढंच सांगू नको, त्यावर समोरून "मग तांबी बसवून टाकू" एवढंच येण्याची शक्यता असते. असं सांग: मला ऑरावाली अर्धशिशी आहे, इस्ट्रोजेन बंद केलंय, पाळीत खूप जातं, हिमोग्लोबिन १० आहे, अर्धशिशीसाठी ही ही औषधं चालू आहेत, ३-४ वर्षं मूल नको पण नंतर कदाचित हवं, हार्मोनवाली तांबी मला बसेल का आणि आधी सोनोग्राफी करायची का. मोबाईलमध्ये टाईप करून ने, टेबलापुढे बसलं की निम्मं विसरतं. ऑरा कोणत्या तारखेला आला, किती मिनिटं, हेही आजपासून लिहायला लाग, नंतर वाढला की कमी झाला हे त्यावरूनच कळणार आहे.

आणि ते ९ गोळ्यांचं पाकीट इतक्यात फेकू नको. पर्समध्येच राहू दे, तू कुठली गोळी घेत होतीस ते त्या विचारतील आणि तुला नाव आठवणार नाही. दाखवून झालं की त्यांच्याच टेबलाखाली डबा असतो.